कुंडीच्या तळाला काय घालावं? पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या कुंड्यांचं निदान आणि उपाय

मृगाचे दोन पाऊस झाले की गच्चीवर कुंड्या असलेल्या घरांतून एकच प्रश्न यायला लागतो. धुळ्याकडचे विचारतात, "कुंडीना तयमा काय टाकू, भाऊ?" जळगावकर विचारतात, खडी घालू की विटांचे तुकडे? फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल चालेल का? नारळाच्या शेंड्या? आणि गंमत अशी, की विचारणाऱ्याने यातलं काही ना काही आधीच घातलेलं असतं. तरी पाणी तुंबतंय, पानं पिवळी पडताहेत, म्हणून तर तो विचारतो. खडीने जमलं नाही ते विटांनी जमेल, अशी आशा असते.

उत्तर आधीच देऊन टाकतो. तळाच्या भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी ठेवा, तेवढं पुरे. त्यावर तीन-चार बोटं जाडीचा थर द्यायची गरज नाही. तो कशाचाही असो, त्याने निचरा सुधारत नाही, बऱ्याचदा बिघडतोच. पाणी अडतं ते मातीत, भोकात किंवा कुंडी जिथे टेकली आहे तिथे. दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

आधी दुखणं ओळखा

पाणी घाला आणि दोन मिनिटं कुंडीजवळ उभे राहा.

पाणी वरच साचून राहिलं आणि सावकाश जिरलं, तर माती बारीक आहे किंवा दाबली गेली आहे. वरून पटकन जिरलं पण खालून थेंबही आला नाही, तर भोक बुजलं आहे किंवा कुंडी फरशीवर सपाट टेकली आहे. वरून जिरलं, खालूनही आलं, तरी झाड मलूल दिसतंय, तर तळाशी चिबड आहे, म्हणजे तिथली माती पाण्याने गच्च राहते. हा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण खालून पाणी येताना डोळ्यांनी दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. आणि पाणी घालताक्षणी खालून धो-धो बाहेर आलं, तर ती भानगड वेगळी. उन्हाळ्यात ती जास्त दिसते, तिच्याकडे नंतर येतो.

तळाची चिबड तपासायला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी घ्या. कुंडी आडवी करून खालच्या भोकातून काडी चार बोटं आत खुपसा, पाच-दहा मिनिटांनी ओढून काढा. पाऊस उघडून दोन दिवस झाले असतील आणि तरीही काडीला लिबलिबीत गाळ चिकटून आला, त्याला गटाराचा वास आला, तर खालच्या मुळांना हवा मिळत नाही हे नक्की. वरची माती कोरडी असली तरी.

एक चूक इथे हमखास होते. मुळं कुजायला लागली की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून भर ओल्या मातीतही पानं माना टाकतात. घरच्यांना वाटतं झाड तहानलंय, ते आणखी एक तांब्या ओततात. पानं मलूल आणि कुंडी जड असेल, तर पाण्याला हात लावू नका. कुंडी उचलून वजन बघायची सवय लावून घ्या, बोट खुपसून ओल बघण्यापेक्षा ते खात्रीचं आहे.

खडीच्या थराने नेमकं काय होतं

भांडी घासायचा नवा जाड स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल, मग थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेच, स्पंजही तोच, फक्त उंची वाढली. तो परत भिजवून आडवाच खडीच्या ढिगावर ठेवा, गळायचा थांबू द्या आणि मग पिळून बघा. खडीने त्यातलं पाणी काही ओढून घेतलेलं नसतं.

कुंडीतल्या मातीचंही हेच होतं. मातीच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. ते पाणी खाली खडीतल्या मोठ्या पोकळीत तेव्हाच उतरतं, जेव्हा खडीला लागून असलेली माती पुरती भिजून गच्च होते. त्याआधी नाही. म्हणजे मातीच्या तळाशी एक गच्च ओला पट्टा कायम राहतो. त्याची जाडी ठरते मातीच्या कणांवरून. कुंडी उथळ असो की खोल, माती तीच असेल तर पट्टा तेवढाच. जाड कणांच्या मिश्रणात तो बोटभर असतो, बारीक मातीत वीतभर किंवा त्याहून जास्त. मातीतल्या पाण्याच्या या ओढीचं गणित अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्येच मांडलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण तळाला खडी घालायची रीत काही सुटलेली नाही.

हिशेब करून बघा. बारा इंच उंचीची कुंडी आहे आणि मिश्रण असं आहे की तीन इंचांचा पट्टा गच्च राहतो. तळाला काही घातलं नाही तर मुळांना नऊ इंच मोकळी, हवेशीर माती मिळते. तीन इंच खडी घातली की पट्टा खडीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि मुळांना उरते सहा इंच. शिवाय आपल्या कुंड्या खाली निमुळत्या, वर रुंद असतात. पट्टा वर सरकला की तो रुंद भागात जातो, म्हणजे तेवढ्याच जाडीत पाणी जास्त अडतं. निचऱ्यासाठी घातलेली खडी मुळांच्या जवळ पाणी आणून ठेवते.

"पण शेतात खाली मुरूम लागला की पाणी धरत नाही," असं शेतकरी घरातली माणसं म्हणतात. खरं आहे ते. पण शेतात मुरमाच्या वर हात-दोन हात माती असते. गच्च ओल राहते ती त्या मातीच्या बुडाशी, आणि पिकाची बरीचशी मुळं तिच्या वर मोकळ्या मातीत असतात. म्हणून पाऊस उघडल्यावर तीन-चार दिवसांत वाफसा येतो, म्हणजे जास्तीचं पाणी उतरून मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची राहतात. कुंडीत माती वीत-दीड वीतच. त्यामुळे ज्या मातीत कापूस छातीएवढा होतो, तीच माती बारा इंची कुंडीत भरली तर जवळपास सगळीच्या सगळी गच्च राहते आणि तिला वाफसा म्हणून येतच नाही. आपल्या काळ्या मातीत चिकण कणांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं आणि ते कण पाणी पिऊन फुगतात. फुगले की होत्या त्या फटीही बंद. माती नापीक आहे असं नाही, तिला खोली हवी.

एक कुंडी उघडून बघितली तेव्हा

मागच्या गल्लीतल्या वहिनींचा मोगरा दर श्रावणात पानं टाकायचा. कानबाईच्या रोटांच्या सुमारास झाड नुसतं काड्यांचं राहायचं, दिवाळीनंतर परत पालवायचं. कुंडी सिमेंटची, तळाला रीतसर चार बोटं खडी, वर शेतातून आणलेली काळी माती आणि शेणखत. कुंडी आडवी करून झाड काढलं तेव्हा वरची सहा-सात बोटं माती तपकिरी-काळी आणि भुसभुशीत होती, पांढरी मुळं दिसत होती. त्याखाली रंग बदलला: निळसर-राखाडी, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत थर. त्यातली मुळं तपकिरी. चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आतली दोऱ्यासारखी शीर उरायची. आणि खडी? खडीत वरून उतरलेली बारीक माती भरून ती पक्की बसली होती. आतल्या भोकावर गांडुळांनी लिंपण केलं होतं, बाहेरून बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा पापुद्रा.

खडी घालणाऱ्यांना हे शेवटचं सहसा ठाऊक नसतं. खडीच्या फटी दोन पावसाळ्यांत मातीने भरतात. मग तो थर निचऱ्याचाही राहत नाही आणि मुळांच्याही कामाचा नाही.

तळाला लोक काय काय घालतात

काळ्या दगडाची खडी पाणी धरत नाही, कुजत नाही, झाडाचं वाईटही करत नाही. फक्त जागा खाते आणि गच्चीवर वजन वाढवते. भिजलेल्या काळ्या मातीची बारा इंची कुंडी तशीच पंचवीस किलोला टेकते, त्यात खडीची भर कशाला? वाऱ्याने पडणाऱ्या उंच, हलक्या प्लास्टिक कुंडीत मात्र दोन-तीन मोठे दगड तळाला ठेवायला माझी हरकत नाही. ते वजनासाठी आहेत एवढं लक्षात ठेवायचं. क्रशरवरची डस्ट किंवा कच कुंडीत अजिबात नको, ती ओली झाली की थापल्यासारखी बसते.

विटांचे तुकडे तळाला वाया जातात. ही वस्तू फार कामाची आहे, पण तिची जागा मिश्रणात आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

थर्माकोल हलकं असतं एवढाच त्याचा गुण. निचऱ्यासाठी त्याचा उपयोग शून्य. चुरा झाला की मणी सुटतात, भोकात अडकतात, उरलेले वाऱ्याने साऱ्या गल्लीत. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मातीचा खर्च आणि वजन वाचवायला अख्खे ठोकळे घालतात, ते ठीक. पण वर किमान दीड फूट मिश्रण उरलं पाहिजे.

नारळाच्या शेंड्या आणि शहाळ्याची टरफलं पाणी धरतात, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या उलट. वर्षभरात कुजून बसतात आणि कुंडीतली माती चार बोटं खाली जाते. भुईमुगाच्या टरफलांचं, पऱ्हाटीच्या तुकड्यांचंही तेच. ही मंडळी कुजताना मातीतलं नत्र खेचतात आणि भुकेलं झाड पिवळं पडतं. ती खताच्या खड्ड्यात घाला, नाहीतर उन्हाळ्यात मातीवर आच्छादन म्हणून पसरा. तिथे त्यांचं चीज होतं. नवापूरकडे भातगिरणीवर तूस मिळतं. तेही थर म्हणून नको, मिश्रणात दहातला एक भाग चालतं.

लोणारी कोळसा तळाला घातला की पाणी "शुद्ध" होतं असं सांगतात. कुंडीतून दोन मिनिटांत वाहून जाणाऱ्या पाण्यावर तो फारसं काही करत नाही. चुरून मिश्रणात घातला तर माती मोकळी ठेवतो, तेवढं खरं.

राखेबद्दल जरा सावध. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे आपल्या भागात राखेच्या करड्या विटा भरपूर. फुटक्या मिळाल्या म्हणून त्या कुंडीत घालू नका. त्यांत सिमेंट किंवा चुना असतो आणि तो मातीचा सामू (पीएच) वर नेतो, म्हणजे ती आणखी अल्कधर्मी होते. आपली काळी माती मुळात अल्कधर्मी, वर बोअरचं जड पाणी. मोगरा, जास्वंद, गुलाब अशा वेळी लोह उचलू शकत नाहीत. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. नुसती राख तर इतकी बारीक असते की फटीच बुजवते.

मग खापर कशासाठी? भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी त्याचं काही काम नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी घागर आली की जुनी, गळकी घागर फोडून तिची खापरं जपून ठेवावीत. कुंभाराच्या मडक्याचा बाक भोकावर उपडा बसतो, पाणी कडेने जातं आणि माती अडते. सपाट फरशीचा तुकडा भोकावर झाकणासारखा बसतो, तो टाळा. खापर नसेल तर हिरव्या शेडनेटचा किंवा कांद्याच्या गोणीच्या जाळीचा तळहाताएवढा दुहेरी तुकडा. जुन्या धोतराचं किंवा चादरीचं कापड घालू नका. त्याच्या विणीत काळी माती बसली की भोक शिवल्यासारखं बंद होतं.

दुरुस्ती: खालून वर

पहिलं भोक. नर्सरीतून आलेल्या बऱ्याच प्लास्टिक कुंड्यांना भोकाच्या जागी नुसती खूण असते, पाडायचं काम आपलं. बारा इंची कुंडीला करंगळी जाईल अशी चार-पाच भोकं हवीत, त्यातली एक-दोन तळाच्या अगदी लगत बाजूला. बाजूचं भोक फरशीला टेकत नाही, म्हणून बुजतही नाही. जुन्या कुंडीच्या भोकावर क्षारांचा पापुद्रा असेल तर तो खरवडून काढा आणि मृगाच्या आधी सळई फिरवून घ्या.

दुसरं, कुंडी उचला. सपाट गच्चीवर सपाट बुडाची कुंडी बसली की दोन्हींच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा धरतो आणि भोक असून नसल्यासारखं. कडप्प्याचे किंवा विटेचे तीन तुकडे त्रिकोणात ठेवून कुंडी दोन बोटं वर घ्या. खर्च काही नाही, आणि तक्रारींपैकी पुष्कळशा इथेच मिटतात. स्लॅबही कोरडा राहतो, खालच्या खोलीच्या छताला ओल येत नाही. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. त्यांत साचलेलं पाणी कुंडी परत वर ओढते, डासांची सोय होते ती वेगळीच.

तिसरं मिश्रण, आणि खरं काम हेच. वीटभट्टीवर मोडक्या लाल विटांचा ढीग पडलेला असतो. पक्की भाजलेली वीट निवडा. रात्रभर बादलीत भिजवून सकाळी नखाने कोरली जाते ती कच्ची, ती कुंडीत पुन्हा चिखल होते. पक्की वीट हातोडीने फोडा आणि दोनदा चाळा. हरभऱ्याहून मोठे तुकडे बाजूला, ज्वारीच्या दाण्याहून बारीक चुरा आणि धूळ बाजूला. मधलं जे उरेल ते खरं सोनं. या दाण्यांच्या पोटात पाणी मुरतं आणि दोन दाण्यांच्या मध्ये हवा खेळते. श्रावणातली संततधार आणि मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा दोन्ही सोसायचे असतील तर हेच लागतं. पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खनिज दाणे) चांगलं असतं, पण महाग पडतं आणि जोरदार सरीत वर तरंगतं.

मोगरा, जास्वंद, गुलाबासाठी मी असं मोजतो: विटेचा चाळलेला चुरा दोन घमेली, काळी माती एक घमेलं, पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक घमेलं, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं घमेलं. वांगी-मिरचीसारख्या भाजीला खत दीड घमेलं करा. अडेनियम आणि निवडुंगाच्या कुळातल्या झाडांना काळी माती नकोच. खत निम्म्याहून जास्त भरू नये, एका हंगामात ते बसतं आणि बुडाशी त्याचाच गाळ होतो. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली झाडं उन्हाळा काढतात आणि पावसाळ्यात जातात.

वाळूचं काय? तापी-गिरणेची जाड, धुतलेली वाळू वाईट नाही, पण काळ्या मातीत मूठ-दोन मुठी वाळू घालून काही होत नाही. थोडी वाळू असली की तिचे दाणे चिकणमातीत सुटे रुतून बसतात, एकमेकांना टेकत नाहीत, फटी तयारच होत नाहीत. वाळू निम्म्याहून जास्त झाली तरच फरक पडतो आणि तेव्हा कुंडी उचलत नाही. बारीक वाळू तर घेऊच नका.

भर पावसात झाड बुडत असेल आणि मिश्रण बदलायला वेळ नसेल, तर दोन तात्पुरते उपाय. कुंडी कठड्याला टेकवून तिरकी करा. स्पंज उभा केल्यावर झालं तेच होतं, तळाचं बरंच पाणी निघून जातं. दुसरा उपाय वातीचा. पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी घ्या. एक टोक पाण्यात बुडवून ओल वर चढते का ते आधी बघा. मग काडीने ती भोकातून आत सारा, निम्मी आत आणि वीतभर खाली लोंबती. लोंबतं टोक पाणी खाली ओढत राहतं. यासाठी कुंडी तिवईवर किंवा विटांवर उंच हवी. निव्वळ सुती चिंधी एका पावसाळ्यात कुजते. अंगण असेल तर सगळ्यांत सोपं म्हणजे कुंडी थेट मोकळ्या मातीवर ठेवणं. भोकातली माती जमिनीला भिडली की जमीनच वातीचं काम करते. मुळं खाली उतरतील, तेवढी अधूनमधून कुंडी फिरवायची.

ठिबकवाल्यांसाठी थोडं. खान्देशात ठिबक इतकं अंगवळणी पडलंय की गच्चीवरही नळ्या फिरतात. ताशी चार लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत एक लिटर देतो. टायमर उन्हाळ्यात लावलेला असतो आणि आषाढ आला तरी चालूच, पाऊस वेगळा आणि लिटर वेगळा. तो आधी बंद करा. उन्हाळ्यात उलट अडचण: रोज मोजकं पाणी मिळालं की खालून काही बाहेर पडत नाही आणि बोअरचे क्षार कुंडीतच साठतात. पंधरा-वीस दिवसांतून एकदा नळीने भरपूर पाणी देऊन खालून चांगलं वाहू द्या. गोडं पाणी मिळालं तर उत्तमच.

उन्हाळ्यात पाणी धो-धो का निघतं

चैत्र-वैशाखात उलटी तक्रार: "निचरा फारच छान आहे, तांब्याभर ओतलं की लगेच खाली." तो निचरा नव्हे. काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. काठाला काडी जाईल एवढी भेग पडते. पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं, मधला गड्डा कोरडाठाक. कोकोपीटही एकदा पुरतं वाळलं की पाणी लवकर शोषत नाही. कुंडी घंगाळात किंवा टबमध्ये काठाच्या दोन बोटं खालपर्यंत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. भेग वरच्याच मिश्रणाने भरून टाका, नुसती काळी माती कोंबू नका. वर दोन बोटं पाचोळा. पुढे पाणी दोन हप्त्यांत द्या: आधी थोडं, दहा मिनिटांनी बाकीचं. इथे तळाला खडी असेल तर हाल दुप्पट, कारण खडी पाणी अजिबात धरत नाही आणि माती तेवढी कमी.

तुळशी वृंदावन आणि बिनभोकाच्या कुंड्या

तुळस दर पावसाळ्यात काळी पडून जाते, ही तक्रार वेगळी घ्यायला हवी. जुन्या वाड्यांतली वृंदावनं आतून जमिनीपर्यंत पोकळ असायची, पाणी जमिनीत मुरायचं. आताची बरीच वृंदावनं फरशीवर बसवलेली, खाली सिमेंटने बंद. गवंडी माती वाचवायला आत हातभर दगड-गोटे भरतो आणि म्हणतो, निचरा होईल. पाणी जायला वाटच नसेल तर निचरा कुठे होणार? ते दगडांत साचत राहतं आणि चार चांगले पाऊस झाले की मुळांना भिडतं.

उपाय एकच: फरशीच्या लगत, सगळ्यांत खालच्या जागी, किंचित बाहेर उतार देऊन ड्रिलने भोक पाडा आणि त्यात ठिबकच्या सोळा मिलिमीटर नळीचा वीतभर तुकडा बसवा. आतल्या टोकाला जाळी. मग आतले दगड काढायची गरज नाही, फक्त वर दीड फूट मिश्रण उरलं पाहिजे. तेवढं असेल तर गच्च पट्टा तुळशीच्या मुळांपासून लांब राहतो. कमी असेल तर दगड उपसा. आणि पावसाळ्यात रोजचा भरलेला तांब्या नको. आजीबाईंना पटत नसेल तर पळीभर पाणी बुंध्याला, बाकीचं वृंदावनाच्या पायाशी. दूध-तेलही तिथेच.

चिनी मातीच्या, पितळी किंवा बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत लोक खडीवर सगळ्यांत जास्त भिस्त ठेवतात, आणि झाडंही तिथेच जास्त जातात. आत किती पाणी साठलंय ते दिसतच नाही. अशी कुंडी बाहेरचा पोशाख म्हणून वापरा. आत भोकं असलेली साधी प्लास्टिक कुंडी, आणि तिच्याखाली दोन बोटं गोटे. या एका ठिकाणी गोट्यांना खरंच काम आहे, कारण आतल्या कुंडीचं बूड साठलेल्या पाण्याच्या वर राहतं. आठवड्यातून एकदा आतली कुंडी उचलायची, खालचं पाणी ओतून द्यायचं.

मिश्रण बदलायची वेळ झाडागणिक वेगळी. तळ कुजत असलेलं झाड थांबू शकत नाही. त्याची काळी पडलेली मुळं कापा, शेंडेही तेवढ्याच मानाने छाटा, नव्या मिश्रणात लावून आठ-दहा दिवस पावसाआड सावलीत ठेवा, खत घालू नका. बाकी गुलाब-जास्वंदीच्या कुंड्या पाऊस उघडून आश्विनातलं ऊन ओसरलं की घ्या, मोगरा माघाच्या छाटणीबरोबर. विटांचा चुरा मात्र मे महिन्यातच चाळून पोत्यात भरून ठेवलेला बरा, कारण पाऊस लागला की भट्ट्या बंद होतात आणि ओल्या विटा चाळणीतून उतरत नाहीत.